बीडचा पाऊस आणि मिल्ड्युराचे द्राक्षमळे

फेब्रुवारी उजाडला की नाशिकच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात द्राक्षांची तोडणी ऐन भरात येते. नेमक्या त्याच दिवसांत, पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात, ॲडलेड शहराच्या ईशान्येस असलेल्या बरोसा खोऱ्यातही घड उतरवले जात असतात. आपल्याकडे थंडी ओसरून उन्हाळ्याची चाहूल लागलेली असते, तिकडे उन्हाळा संपून शरद ऋतू सुरू होत असतो. ऋतू उलटे, पण तोडणीचा महिना एकच. निसर्गाचा हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

यापेक्षाही विचार करायला लावणारी गोष्ट पावसाच्या आकड्यांत दडलेली आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, मरे नदीच्या काठी मिल्ड्युरा नावाचे शहर आहे. बेदाणा, खाण्याची द्राक्षे आणि वाइनची द्राक्षे या तिन्हींसाठी ते ओळखले जाते. या गावी वर्षाकाठी सरासरी ३०० मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस पडतो. आणि ज्याचे नाव घेताच दुष्काळ, टँकर आणि ऊसतोड मजुरांचे तांडे डोळ्यांपुढे येतात, त्या आपल्या बीड जिल्ह्याची वार्षिक सरासरी ६५० मिलिमीटरच्या आसपास आहे. म्हणजे मिल्ड्युराच्या दुपटीहून अधिक!

मग मिल्ड्युरात मैलोगणती द्राक्षमळे आणि बीडमध्ये पाण्यासाठी वणवण, हे कसे? केवळ 'ते प्रगत, आपण मागास' असे म्हणून या प्रश्नातून सुटका होत नाही. ऑस्ट्रेलियाने द्राक्षशेतीत जे कमावले आणि जे गमावले, त्या दोन्हींचा हिशेब मांडला तर बीडसारख्या जिल्ह्याला त्यातून बरेच शिकता येईल.

पावसाचे प्रमाण आणि पावसाची वेळ

प्रथम साधे गणित करू. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर पाणी जमा होते. या हिशेबाने बीडमधील एका हेक्टरवर सरासरी वर्षात ६५ लाख लिटर पाणी आकाशातून पडते. मरे नदीच्या काठावरील द्राक्षबागेला हंगामात हेक्टरी साधारण ५० ते ६० लाख लिटर पाणी द्यावे लागते. कागदावर पाहिले तर बीडच्या शेतकऱ्याला कसलीच ददात नसावी!

परंतु द्राक्षवेल वर्षाची सरासरी ओळखत नाही; पाणी कधी मिळते, एवढेच तिला कळते. बीडचा जवळजवळ सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आणि त्यातही मोजक्या दिवसांत पडतो. बालाघाटच्या डोंगररांगांच्या माथ्यावरील मुरमाड जमीन त्यातले फारसे धरून ठेवत नाही. खालचा काळा पाषाण पाणी सहजी मुरू देत नाही. उरलेले सिंदफणा, बिंदुसरा, मांजरा या नद्यांतून निघून जाते. त्यात सरासरी हा आकडाच फसवा. २०१२ ते २०१६ या काळात मराठवाड्यावर पावसाने वारंवार अवकृपा केली. २०१६ च्या उन्हाळ्यात माजलगाव आणि मांजरा ही बीड जिल्ह्यातील दोन्ही मोठी धरणे कोरडी पडली. मांजरा आटले म्हणूनच शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे वाचकांच्या स्मरणात असेल.

बरोसाचे चित्र वेगळे आहे. तेथेही पाऊस बीडपेक्षा कमीच, वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर. परंतु तो मुख्यत्वे हिवाळ्यात, म्हणजे मे ते सप्टेंबर या काळात पडतो. तेव्हा द्राक्षवेल पाने गाळून झोपलेली असते. जमीन निवांतपणे ओल साठवते. वेल जागी होऊन पालवते, फुलते, मणी भरते, तेव्हा आकाश बहुधा कोरडे असते. कोरड्या हवेत भुरी वगळता बुरशीजन्य रोगांचा त्रास कमी. शिवाय घड पक्व होताना दिवस हळूहळू थंड होत जातात, त्यामुळे मण्यात साखर भरताना आम्लता टिकून राहते. वाइनच्या चवीला हा तोल फार महत्त्वाचा असतो.

आपल्याकडे नेमके उलटे घडते. घड पिकत असताना ऊन वाढत जाते, साखर झपाट्याने भरते आणि आम्लता तितक्याच वेगाने उतरते. ऑक्टोबरमध्ये छाटणी करावी तर परतीचा पाऊस केवडा रोगाला आमंत्रण देतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पीक हाताशी यावे तर गारपिटीची टांगती तलवार असते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने मराठवाड्यासह राज्यभरातील फळबागांची कशी दैना केली, हे सर्वांनी पाहिले आहे.

दोन ऑस्ट्रेलिया

ऑस्ट्रेलियात द्राक्ष मूळचे नाही. १७८८ मध्ये इंग्रजांचा पहिला ताफा सिडनीला उतरला, त्याच्याबरोबर द्राक्षाच्या काड्याही आल्या. पुढे १८३० च्या दशकाच्या आरंभी जेम्स बस्बी या गृहस्थाने स्पेन आणि फ्रान्समध्ये हिंडून शेकडो वाणांच्या काड्या गोळा केल्या आणि त्या सिडनीला पाठविल्या. आज ऑस्ट्रेलियाची ओळख बनलेला शिराझ हा वाण याच मार्गाने रुजला. धार्मिक जाचाला कंटाळून सायलेशियातून निघालेली जर्मन कुटुंबे १८४० च्या दशकात बरोसा खोऱ्यात स्थिरावली आणि त्यांनी तेथे मळे लावले. १८४३ मध्ये लावलेल्या शिराझच्या वेली बरोसात आजही फळ देत आहेत, यावर चटकन विश्वास बसत नाही. आपल्याकडे द्राक्षबाग पंधरा-वीस वर्षांत मोडीत निघते.

या दीर्घायुष्याचे एक कारण कायद्यात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्झेरा नावाच्या, मुळांवर जगणाऱ्या सूक्ष्म किडीने युरोपातील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. १८७० च्या दशकात ती व्हिक्टोरियातही पोहोचली. साउथ ऑस्ट्रेलियाने १८९९ मध्ये स्वतंत्र कायदा करून बाहेरील वेलींना, काड्यांना दारे बंद केली. हे राज्य आजतागायत या किडीपासून मुक्त राहिले आहे.

आज या देशात साठांहून अधिक द्राक्षप्रदेश अधिकृतपणे नोंदलेले आहेत. सिडनीच्या उत्तरेकडील हंटर खोरे सेमियों या पांढऱ्या वाणासाठी, चुनखडीवरील तांबड्या मातीचा कूनावारा पट्टा कॅबर्ने सोव्हिन्योंसाठी, तर थंड हवेचे यारा खोरे आणि टास्मानिया बेट पिनो न्वारसाठी नावाजलेले आहे. पश्चिम किनाऱ्यावरील मार्गारेट रिव्हर हा प्रदेश तर शास्त्रज्ञाच्या लेखणीतून जन्मला. १९६० च्या दशकात जॉन ग्लॅडस्टोन्स या कृषिशास्त्रज्ञाने तापमान, पाऊस आणि माती यांचा अभ्यास करून हा भाग द्राक्षाला उत्तम ठरेल, असे दाखवून दिले. त्यानंतर १९६७ मध्ये तेथे पहिला व्यावसायिक मळा उभा राहिला. आधी अभ्यास आणि मग लागवड, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

परंतु ही झाली नामांकित बाटल्यांची ऑस्ट्रेलिया. दुसरी ऑस्ट्रेलिया अंतर्भागात आहे. रिव्हरलँड, मरे-डार्लिंग आणि रिव्हरिना या उष्ण, रुक्ष प्रदेशांत देशातील वाइनच्या द्राक्षांपैकी निम्म्याहून अधिक पिकतात, आणि ती जवळजवळ संपूर्णपणे नदीच्या पाण्यावर. बीडने स्वतःची तुलना करायची, तर ती बरोसाशी न करता या दुसऱ्या ऑस्ट्रेलियाशी करायला हवी.

मिल्ड्युराच्या स्थापनेची कथा यादृष्टीने उद्बोधक आहे. कॅलिफोर्नियात पाटपाण्यावर वसाहती उभारणारे जॉर्ज आणि विल्यम चॅफी हे बंधू व्हिक्टोरिया सरकारच्या निमंत्रणावरून आले. १८८७ पासून त्यांनी मरे नदीचे पाणी वाफेच्या पंपांनी उचलून माळरानावर बागा फुलविण्याचा घाट घातला. जमिनीचे तुकडे विकले गेले, वेली लागल्या, फळेही आली. पण कालवे गळत होते, क्षार वर येत होते आणि बाजारपेठ शेकडो मैल दूर होती. नदीचे पाणी उतरले की मालवाहू बोटी अडत आणि फळे जागेवर सडत. १८९० च्या दशकातील मंदीत चॅफींची कंपनी बुडाली. रेल्वे पोहोचली ती १९०३ मध्ये. त्यानंतरच मिल्ड्युरा खऱ्या अर्थाने सावरले. पाण्याची सोय झाली म्हणजे बाग यशस्वी झाली, असे होत नाही, हा धडा त्या गावाने पहिल्याच दशकात घेतला.

वेलीला झोप नाही

मराठवाड्याला द्राक्ष नवे नाही. चौदाव्या शतकात दौलताबादला येऊन गेलेला प्रवासी इब्न बतूता याने तेथे द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, अशी नोंद करून ठेवली आहे. या नोंदीत उष्ण कटिबंधातील द्राक्षशेतीचे सारे रहस्य आहे. थंड प्रदेशात वेल हिवाळ्यात विश्रांती घेते. आपल्याकडे तिला झोपच येत नाही. मोकळी सोडली तर ती बाराही महिने वाढत राहते. म्हणून महाराष्ट्रात वर्षातून दोन छाटण्या करून फळ मात्र एकदाच घेण्याची पद्धत रूढ झाली. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, म्हणजेच गोडी छाटणी.

शहरी वाचकाला यात एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. पुढच्या फेब्रुवारीत जे घड आपल्या हाती येणार, त्यांची सूक्ष्म रूपे खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत काडीवरील डोळ्यांत तयार होतात. हा काळ म्हणजे ऐन एप्रिल-मे. त्या वेळी वेलीला पाण्याचा मोठा ताण बसला तर डोळ्यात घडच धरत नाही आणि ऑक्टोबरमध्ये कितीही खर्च केला तरी त्याची भरपाई होत नाही. ज्या महिन्यांत बीडच्या गावांत पिण्याच्या पाण्याचे टँकर फिरतात, त्याच महिन्यांत द्राक्षबागेचे भवितव्य ठरत असते. बीडमधील द्राक्षशेतीची खरी अडचण हीच आहे. कपाशी वा सोयाबीन एक वर्ष गेले तर पुढल्या वर्षी पुन्हा पेरता येते. द्राक्षबाग वाळली तर मांडवाच्या तारा-अँगलसकट कित्येक वर्षांची गुंतवणूक जाते.

एकाच रानातले दोन खुंट

या अडचणीशी झुंजताना महाराष्ट्राच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या शेतकऱ्यांनी जवळपास सारखेच उपाय शोधले. १९९० च्या दशकात आपल्याकडे क्षारयुक्त पाणी आणि वारंवार पडणारे अवर्षण यांमुळे स्वतःच्या मुळांवरील बागा खचू लागल्या. तेव्हा डॉगरिज या खुंटावर थॉम्पसन, तास-ए-गणेश, सोनाका आदी वाणांचे कलम करण्याची प्रथा पसरली. मरे नदीच्या काठी सूत्रकृमी आणि क्षार यांवर उपाय म्हणून रॅम्सी हा खुंट लोकप्रिय झाला. गंमत अशी की, डॉगरिज आणि रॅम्सी हे दोन्ही अमेरिकेतील टेक्सासच्या एकाच रानटी द्राक्षकुळातले. टेक्सासच्या चुनखडीच्या रानात तग धरणारे हे मूळ आज तासगावपासून मिल्ड्युरापर्यंतच्या वेलींना आधार देत आहे.

आपला थॉम्पसनही ऑस्ट्रेलियाला परका नाही. तिकडे तो 'सुलताना' या नावाने ओळखला जातो आणि मिल्ड्युराचा बेदाणा प्रामुख्याने त्याच्यापासूनच तयार होत आला. सांगली-तासगावच्या बेदाण्यातही ऑस्ट्रेलियाचा वाटा आहे. घड सुकविण्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएट यांच्या द्रावणात बुडविण्याची जी रीत आपल्या शेडवर चालते, ती ऑस्ट्रेलियन पद्धत म्हणूनच कृषिशास्त्रात ओळखली जाते. मण्यावरचा मेणाचा थर या द्रावणाने सैल होतो, पाणी लवकर बाहेर पडते आणि बेदाण्याचा रंग टिकतो. शेतकऱ्याच्या भाषेतले हेच ते 'डिपिंग ऑइल'.

पाणी वाचविण्याच्या शास्त्रातही असेच साम्य दिसते. १९९० च्या दशकात ॲडलेड येथील संशोधकांनी वेलीच्या मुळांपैकी एक बाजू ओली आणि दुसरी कोरडी ठेवण्याचे तंत्र विकसित केले. ठरावीक दिवसांनी बाजू बदलायची. कोरड्या बाजूची मुळे पानांकडे रासायनिक संदेश पाठवितात. पाने आपली रंध्रे काही प्रमाणात मिटून घेतात आणि पाण्याचे उत्सर्जन घटते. ओल्या बाजूमुळे वेल मात्र सुकत नाही. उत्पादनात फारशी घट न होता पाण्याची लक्षणीय बचत होते, असे प्रयोगांत दिसून आले. मोसंबी-डाळिंबाचा बहार धरण्यासाठी झाडाला 'ताण' देणाऱ्या मराठवाड्यातील शेतकऱ्याला ही कल्पना मुळीच अनोळखी वाटणार नाही. त्याच्या अनुभवाला मोजमापाची जोड मिळणे तेवढे बाकी आहे. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र कार्यरत आहे. त्याचे ज्ञान आष्टी-पाटोद्याच्या बांधापर्यंत पोहोचणे, ही आजची गरज आहे.

पाण्याचा हिशेब

मिल्ड्युरा आणि बीड यांतील सर्वांत मोठा फरक मात्र ठिबकच्या नळीत सापडणार नाही. तो पाण्याच्या वहीखात्यात आहे. मरे-डार्लिंग खोऱ्यात नदीतून किती पाणी उचलायचे, यावर १९९५ मध्ये कमाल मर्यादा घातली गेली. प्रत्येक शेतकऱ्याचा वाटा नोंदलेला, पंपावर मीटर बसविलेला. पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा करून तो विकण्या-घेण्याचीही मुभा दिली गेली. १९९७ ते २००९ या प्रदीर्घ दुष्काळाच्या अखेरच्या वर्षांत साउथ ऑस्ट्रेलियातील मरेकाठच्या बागायतदारांना हक्काच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी पाणी मिळाले. तेव्हा भातासारखी हंगामी पिके घेणाऱ्या अनेकांनी आपले पाणी द्राक्ष आणि फळबागांना विकले. भात एक वर्ष लावला नाही तरी चालतो, वेल मात्र जगवावीच लागते, हा साधा व्यवहार त्यामागे होता.

ही व्यवस्था निर्दोष आहे, असे समजण्याचे कारण नाही. तेथेही नदीच्या कुवतीपेक्षा अधिक हक्क वाटले गेले होते. २००७ चा जल कायदा आणि २०१२ चा खोरे आराखडा यांद्वारे सरकारला ते पैसे मोजून परत घ्यावे लागले. २०१९ च्या आरंभी डार्लिंग नदीत लाखो मासे मेले, तेव्हा देशभर संताप उसळला. वरच्या अंगाची क्वीन्सलँड व न्यू साउथ वेल्स ही राज्ये आणि खालच्या अंगाचे साउथ ऑस्ट्रेलिया यांच्यातील भांडण तर शंभर वर्षांहून जुने आहे.

हे भांडण आपल्या ओळखीचे वाटते ना? गोदावरीच्या वरच्या अंगाला नाशिक व अहिल्यानगर, खालच्या अंगाला जायकवाडी, आणि जायकवाडीच्या उजव्या कालव्याच्या शेवटी बीडमधील माजलगाव. २००५ मध्ये महाराष्ट्राने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला आणि खोऱ्यात समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व मान्य केले. तरीही २०१५, २०१८, २०२३ अशा टंचाईच्या वर्षांत वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याची वेळ आली की आंदोलने आणि न्यायालयाच्या पायऱ्या ठरलेल्या. नाशिकचा द्राक्ष बागायतदार आणि बीडचा शेतकरी दोघेही एकाच नदीचे वारस आहेत. परंतु कोणी किती पाणी उचलले, याची मीटरवरची नोंद दोघांपैकी कोणाकडेही क्वचितच असते. मोजमाप नसेल तेथे वाद कितीही रंगला तरी निवाडा होत नाही.

भूजलाची स्थिती याहून नाजूक आहे. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ मध्ये आली आणि मराठवाड्यात शेततळ्यांना चालना मिळाली. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल शेततळ्यात, उताराची जागा वजा जाता, साधारण २० ते २२ लाख लिटर पाणी मावते. पावसाचे वाहून जाणारे पाणी त्यात साठविले तर ते वरदानच होय. पण अनेक ठिकाणी विंधनविहिरीतून पाणी उपसून प्लॅस्टिकचा कागद घातलेली तळी भरली जातात. जमिनीच्या पोटातले, सर्वांच्या मालकीचे पाणी अशा रीतीने एकाच्या तळ्यात येते आणि वर उन्हाने उडून जाते. ही पाण्याची साठवण म्हणता येणार नाही. ही पळवापळवी झाली.

जालना जिल्ह्यातील कडवंचीने वेगळी वाट दाखविली आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात या गावाने माथा ते पायथा पाणलोटाची कामे केली. आधी माती अडविली, पाणी मुरविले आणि नंतर शेततळी व द्राक्षबागा वाढविल्या. २०१२-१३ च्या दुष्काळात हे गाव तरले, म्हणून त्याची राज्यभर चर्चा झाली. कडवंची बीडपासून फार दूर नाही. आधी पाणलोट, मग तळे आणि शेवटी बाग, हा तेथला क्रम उलटा केला तर काय होते, हे मराठवाड्यातील असंख्य कोरड्या विंधनविहिरी सांगतात.

बाजाराचा हिशेब

पाण्याचा हिशेब ऑस्ट्रेलियाने बऱ्याच अंशी जमविला. बाजाराचा मात्र तिला वारंवार चुकला. १९८० च्या दशकात द्राक्षांचा एवढा महापूर आला की, साउथ ऑस्ट्रेलिया सरकारने वेली उपटण्यासाठी शेतकऱ्यांना पैसे दिले. त्यात जुन्या शिराझ व ग्रेनाश वेलींचे अनेक मळे नाहीसे झाले. पुढे निर्यातीची लाट आली. १९९६ मध्ये उद्योगाने २०२५ सालासाठी महत्त्वाकांक्षी उद्दिष्टे ठरविली आणि १९९० ते २००५ या काळात लागवड दुपटीहून अधिक वाढली. परिणामी पुन्हा महापूर. नंतर चीनची बाजारपेठ हाताशी आली. २०१९ पर्यंत तेथील आयात शुल्क शून्यावर आले आणि लाल वाइनचा ओघ चीनकडे वळला. २०२० च्या अखेरीस राजकीय संबंध बिघडले आणि चीनने २१८ टक्क्यांपर्यंत शुल्क लादले. ते मार्च २०२४ मध्ये उठले, पण तोवर टाक्या भरून वाहत होत्या आणि रिव्हरलँडमधील शेतकऱ्यांना लाल द्राक्षांचा उत्पादनखर्चही निघेनासा झाला होता. कित्येकांनी उभ्या वेली उपटल्या.

महाराष्ट्रानेही हा खेळ लहान प्रमाणावर पाहिला आहे. १९८० च्या दशकात नारायणगावला वाइननिर्मिती सुरू झाली. नाशिकजवळ सुलाच्या मळ्यातील पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क झाले. उत्साहाच्या भरात वायनरी उभ्या राहिल्या, शेतकऱ्यांनी वाइनचे वाण लावले. २००८ नंतरच्या मंदीत मागणी आटली, अनेक वायनरी बंद पडल्या. वाइनची द्राक्षे आंबट-गोड, लहान मण्यांची आणि बियांची. ती मंडईत कोणी घेत नाही. करार मोडला की शेतकऱ्याला दुसरे गिऱ्हाईकच उरत नाही. अनेकांना बागा तोडाव्या लागल्या किंवा त्यांवर खाण्याच्या वाणांचे कलम करावे लागले.

आता ऑस्ट्रेलियाची वाइन थेट आपल्या दारात येऊ लागली आहे. एप्रिल २०२२ मध्ये झालेला भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार त्याच वर्षी २९ डिसेंबरपासून लागू झाला. पूर्वी परदेशी वाइनवर १५० टक्के आयात शुल्क होते. या करारानुसार ५ डॉलरहून अधिक किमतीच्या ऑस्ट्रेलियन बाटलीवरील शुल्क १०० टक्के झाले असून ते दहा वर्षांत ५० टक्क्यांवर यायचे आहे. १५ डॉलरहून महाग बाटलीवर ते ७५ टक्के झाले आणि दहा वर्षांत २५ टक्क्यांवर उतरेल. स्वस्त वाइनला सवलत नाही, त्यामुळे देशी उत्पादकांना काहीसे संरक्षण आहे. तरीही ज्या देशात द्राक्षांचे पीक अतिरिक्त झाले आहे, त्याच्याशी आपल्या शेतकऱ्याची गाठ आहे, हे विसरून चालणार नाही.

बीडने काय करावे?

'बीडचे नापा करू, बीडची बरोसा करू' अशा घोषणा ऐकायला बऱ्या वाटतात. परंतु वाइन हा उद्योग परवाने, करार, शीतगृहे, पर्यटक आणि महानगरांचे ग्राहक यांच्यावर उभा असतो. नाशिकला मुंबई-पुण्याचे सान्निध्य आहे, बीडला ते नाही. त्यातच वाइनचा प्रश्न आपल्याकडे सामाजिकदृष्ट्याही नाजूक आहे. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइनविक्रीस मान्यता दिली, तेव्हा उठलेला गदारोळ आणि नंतर बासनात गेलेला तो निर्णय सर्वांना ठाऊक आहे.

मिल्ड्युराकडून घ्यायचेच असेल तर बेदाणा घ्यावा. मार्च-एप्रिलमधील बीडची कोरडी, तापलेली हवा वाइनच्या द्राक्षाला मारक असली तरी सुकवणीला ती पोषकच आहे. बेदाणा महिनोन्‌महिने टिकतो, भाव पडला तर शीतगृहात थांबू शकतो, त्याला दारूच्या परवान्याची गरज लागत नाही. सांगली, सोलापूरच्या बाजारपेठा आवाक्यात आहेत. शिवाय एकच बाग खाण्याच्या द्राक्षासाठी आणि बेदाण्यासाठी अशा दोन्ही वाटा मोकळ्या ठेवते. एक दार बंद झाले तर दुसरे उघडे असणे, हे जिरायती मुलखातील शेतकऱ्याला फार मोलाचे असते.

आणखी एक बाजू आहे. दसरा झाला की बीडच्या गावागावांतून ऊसतोड कामगारांच्या जोड्या मुलाबाळांसह पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. द्राक्षबागेतील सर्वाधिक मजुरी याच महिन्यांत असते. ऑक्टोबरमधील छाटणीपासून फुटव्यांची व मण्यांची विरळणी, घड बुडविणे, तोडणी आणि बेदाण्याच्या शेडवरील काम मार्च-एप्रिलपर्यंत चालते. पाण्याच्या कुवतीत बसणाऱ्या थोड्या बागांनीही काही कुटुंबांना गावात थांबण्याचे कारण मिळू शकेल, मुलांची शाळा सुटणार नाही. मात्र हे 'थोड्या' या शब्दाला जपून. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे ते उगाच नव्हे. बालाघाटच्या खडकाळ उतारावर, पावसाच्या पाण्यावर येणारे ते फळ या मातीने स्वतः निवडलेले आहे. द्राक्ष त्याच्या जोडीला येऊ शकेल. त्याची जागा घेऊ शकणार नाही.

म्हणून बीडमध्ये द्राक्षाची पहिली काडी लावणाऱ्या शेतकऱ्याने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस हुकला तर पुढच्या मे महिन्यात वेलीला देण्यासाठी माझ्याकडे शेजाऱ्याच्या विहिरीला धक्का न लावता किती लिटर पाणी असेल? आणि व्यापारी फिरकला नाही, तर माझा माल कोठे जाईल? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आकड्यांत देता आली तरच मांडव उभारावा. चॅफी बंधूंना पहिल्याचे उत्तर अर्धेमुर्धे माहीत होते आणि दुसऱ्याचे मुळीच नव्हते. त्याची किंमत मिल्ड्युराच्या पहिल्या पिढीने मोजली. ती बीडने पुन्हा मोजण्याचे काही कारण नाही.